रकाना क्रमांक सात

माणसाने तत्त्वज्ञानाच्या वाटेला जाऊ नये, या मताचा मी आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. आमच्याकडे जगातली प्रत्येक गोष्ट एक तर नावे असते, नाही तर जमा. दोन्हींकडे बसत नसेल तर ती उचंत खात्यात टाकायची आणि मार्चअखेरीला बघू म्हणायचं. सॉक्रेटिसाला हे उचंत खातं ठाऊक असतं, तर त्याच्यावर विषाचा पेला घ्यायची पाळी आली नसती. निदान मार्चपर्यंत तरी आली नसती.

पण आपण वाटेला गेलो नाही तरी तत्त्वज्ञान आपल्या वाटेला येतं. माझ्याकडे ते तीन पानी छापील फॉर्मच्या रूपाने आलं. फॉर्मचं नाव 'घटना अहवाल'. त्यातला रकाना क्रमांक सात असा होता : 'घटनेच्या वेळी बळाचा वापर झाला काय? झाला असल्यास प्रकार नमूद करावा. (अ) शस्त्र (ब) युद्धकला (क) मारहाण (ड) अन्य.' खाली बारीक टाइपात तळटीप : 'प्रकार (ब) प्रशिक्षित व्यक्तीने संरक्षणार्थ वापरला असल्यास खुलाशाची आवश्यकता नाही.'

आता एवढ्यावरून मी पंधरा दिवस झोपलो नाही, हे वाचून तुम्ही हसाल. खुशाल हसा. पण आधी घटना ऐका.

मी छावणीत राहतो. मराठवाड्यात छावण्या दोन प्रकारच्या : एक लष्कराची आणि दुसरी दुष्काळात जनावरांना चाऱ्यासाठी ठेवतात ती. लातूरकडच्या माझ्या मामांची अजून अशी समजूत आहे, की मी दुसऱ्या प्रकारच्या छावणीत राहतो. गुरुवारी आमच्याकडे जनावरांचा बाजार भरतो तेव्हा मामांना अगदीच खोटं पाडता येत नाही. रोज सकाळी लोखंडी पुलावरून खाम नदी ओलांडून मी गावात बँकेत जातो आणि संध्याकाळी त्याच पुलावरून परत येतो. कुठली बँक ते सांगत नाही. नोकरीची अजून बरीच वर्षं शिल्लक आहेत.

आमच्या शाखेत एक बंदूक आहे आणि एक वस्ताद आहेत. बंदूक गार्डच्या खांद्यावर असते. ती आजवर एकदाही उडालेली नाही. परवान्याच्या नूतनीकरणासाठी तेवढी बाहेर जाते. वस्ताद म्हणजे आमचे शिपाई. दोन वर्षांनी निवृत्त होतील. कान पिळून ठेवलेल्या फडक्यासारखे, मान नाहीच, खांद्यावर थेट डोकं. तरुणपणी पंचक्रोशीतल्या जत्रांतून इनामाच्या कुस्त्या केलेल्या आणि अजूनही पहाटे तालमीत पोरांना शिकवतात. चहाचा ट्रे मात्र असा धरतात, की सहा कप भरलेले असूनही बशीत थेंब सांडत नाही.

त्या दिवशी एक गंगापूरकडचा जवान गडी माझ्या खिडकीशी आला. बापाच्या नावावरचे पैसे काढायचे होते, बाप दवाखान्यात होता. हे त्याचं तिसरं येणं. पहिल्या वेळी सही जुळत नव्हती म्हणून मी अर्ज परत केला होता, दुसऱ्या वेळी फोटोचा आकार चुकला होता. तिसऱ्या वेळी मी त्याला सांगितलं, ''सर्व्हर डाऊन आहे. जेवणाच्या सुट्टीनंतर या.'' तो एक क्षण माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने काउंटरच्या फटीतून हात घातला, माझी कॉलर धरली आणि मला खुर्चीतून वर उचललं. माझं वजन बहात्तर किलो आहे. बढतीच्या वेळी सुद्धा मी इतक्या सहज वर गेलो नव्हतो.

गार्ड त्या वेळी चहाला गेले होते. मी ओरडायचा प्रयत्न केला, पण कॉलर धरल्यावर आवाज कुठून निघणार? आणि मग मला वस्ताद दिसले. त्यांनी हातातला ट्रे नीट टेबलावर ठेवला. ठेवताना कप हलले सुद्धा नाहीत. मग ते त्या गड्याच्या काखेखालून डोकं घालून पाठीमागे गेले. त्याला 'बगलडूब' म्हणतात, हे मला नंतर कळलं. पुढच्या क्षणी तो गडी जमिनीवर बसलेला होता, वस्ताद त्याच्या मागे बसलेले होते आणि दोन्ही हातांची कव त्याच्या छातीभोवती होती. गडी एकदा उसळला, दोनदा उसळला. तिसऱ्यांदा उसळला नाही. रडायला लागला. वस्ताद त्याला तसंच धरून म्हणाले, ''पानी आना रे कुनी.''

मराठी भाषा मोठी गंमतीची आहे. शत्रूलाही कव घालतात आणि लेकरालाही कवेत घेतात. त्या वेळी वस्तादांनी यांतलं नेमकं काय केलं होतं, हे मला सांगता आलं नसतं.

प्रकरण तिथेच मिटायचं. त्याने पाणी प्यायलं, वस्तादांनी त्याला स्वतःच्या डब्यातली भाकरी दिली. पण रांगेतल्या कुणा रसिकाने मोबाइलवर चित्रण केलं होतं, आणि तेही अशा बेताने, की माझी कॉलर संपल्यावर सुरू आणि भाकरीच्या आधी बंद. दुसऱ्या दिवशी ते गावभर झालं : 'बँकेच्या शिपायाची ग्राहकाला मारहाण'. तिसऱ्या दिवशी वरून फॉर्म आला. मॅनेजरसाहेब मला म्हणाले, ''तुम्ही लिहिता ना मासिकांत? मग हेही लिहा. आणि हे बघा, कुस्ती ही युद्धकला आहे एवढं ठासून लिहा. (ब) ला खूण केली की वस्ताद सुटले. (क) ला केली तर निवृत्तीच्या तोंडावर चौकशी आणि (ड) ला केली तर त्याहून मोठी चौकशी.''

कुस्ती ही युद्धकला आहे की नाही? प्रश्न वाटतो सोपा. पण एकदा विचार करायला बसलात की हा प्रश्न तुमचाच एकेरी पट काढतो.

सुरुवात घरातूनच केली. माझी धाकटी मुलगी कराटे शिकते. तिच्याकडे पिवळा पट्टा आहे, त्यामुळे घरात या विषयावरचा अधिकार तिचा. ती म्हणाली, ''कराटे मार्शल आर्ट आहे, ज्यूडो मार्शल आर्ट आहे. कुस्ती ऑप्शनमध्येच नाही. वस्तादकाकांचा बेल्ट कोणता?'' मी म्हणालो, ''त्यांचा लंगोट असतो, लाल.'' यावर ती जे हसली, त्याने युद्धकलेच्या दर्जाबद्दलचा तिचा निकाल स्पष्ट झाला.

मग मी ज्यूडोची माहिती काढली. जिगोरो कानो नावाच्या जपानी गुरुजींनी १८८२ साली ही विद्या मांडली, १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ती गेली. पट्ट्यांची पद्धतही त्यांचीच. त्यात ठोसा नाही, लाथ नाही. समोरच्याला धरायचं, पाठीवर घ्यायचं आणि आपटायचं. आमच्या धोबीपछाडीचा तो सख्खा भाऊ शोभावा. फरक एवढाच, की तिथे अंगात जाड कोट असतो आणि इथे लंगोट. म्हणजे कोट घातला की युद्धकला आणि कोट काढला की कुस्ती! हे मला एकदम पटलं. आमच्या बँकेतही कोट घातलेला माणूस ओरडला तर त्याला प्रशासन म्हणतात आणि बिनकोटाचा ओरडला तर गैरवर्तन.

पण कोटाचा मुद्दा अहवालात लिहिता येईना. म्हणून मी शेजारच्या सुभेदारसाहेबांकडे गेलो. ते तोफखान्यातून निवृत्त झालेले आहेत. युद्धाबद्दल छावणीत विचारायचं नाही तर कुठे विचारायचं? सुभेदारसाहेबांनी दोन मिनिटांत माझा निकाल लावला. ''युद्धकला म्हणजे समोरचा पुन्हा उठू नये याची कला. तुमच्या कुस्तीत तो पडतो, उठतो आणि जिंकणाऱ्याशी हात मिळवतो. आम्ही कधी गोळा टाकून पलीकडे हात मिळवायला गेलो नाही!'' मी म्हटलं, ''पण साहेब, सैन्यात पैलवान असतात.'' ते म्हणाले, ''असतात. हॉकीवालेही असतात. हॉकी काय युद्धकला आहे?''

मी उठलो, दारापर्यंत आलो. तेवढ्यात सुभेदारसाहेबांनीच मागून हाक मारली. स्वतःच्याच गोळ्याने स्वतःचाच मोर्चा उडाल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. ''थांबा,'' ते म्हणाले, ''प्रतापगडाचं काय?'' आणि खरंच, काय? १० नोव्हेंबर १६५९. बखरकार सांगतात, की भेटीच्या मिठीत अफजलखानाने महाराजांची मान काखेत दाबली. ही मानेची पकड तर आखाड्यातलीच. तिथे ती खेळ नव्हती. तिच्यावर स्वराज्य टिकायचं की बुडायचं ते ठरणार होतं. सुभेदारसाहेब बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ''तुम्ही चहा घ्या.'' फौजी माणूस माघार घेतो ती अशी, चहाच्या आडून.

आमचे हेड कॅशियर तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. झालेले आहेत. नोटा मोजताना त्यांना विश्वाच्या अनित्यतेची जितकी खात्री पटते तितकी कुणाला पटत नसेल. ते म्हणाले, ''अहो, प्लेटो स्वतः कुस्ती खेळायचा असं सांगतात. त्याच्या 'लॉज' ग्रंथात त्याने उभ्याने लढायची कुस्ती लढाईच्या जवळची मानली आहे आणि नुसत्या चमत्कृतीचे डाव निरुपयोगी म्हणून बाजूला काढले आहेत.'' मला आनंद झाला. प्लेटोची साक्ष वरच्या कार्यालयाला नाकारता आली नसती, त्याची सही जुळते का हे तपासायची सोयच नाही. पण हेड कॅशियरांचं हेच वाईट, ते एक नोट देतात आणि एक परत घेतात. ''पण आपल्याकडचा दाखला उलटा आहे,'' ते म्हणाले. ''कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर. आपल्या लातूरच्या पलीकडे, आजचं बसवकल्याण. बाराव्या शतकात त्याने 'मानसोल्लास' लिहिला. त्यात मल्लांची सगळी व्यवस्था आहे. पण प्रकरणाचं नाव ठाऊक आहे? मल्लविनोद!''

विनोद! म्हणजे आठशे-नऊशे वर्षांपूर्वीच कुस्ती माझ्या खात्यात जमा झालेली होती. अर्थात तिथे विनोद म्हणजे राजाचं मनोरंजन, आणि त्याच ग्रंथात शस्त्रांचाही विनोद आहे. त्यामुळे पुन्हा तिढा तसाच.

मग मी भाषेला शरण गेलो. मराठी माणूस कुस्तीबद्दल बोलतो कसा? कुस्ती 'खेळतात', म्हणजे खेळ झाला. कुस्ती 'लढतात', म्हणजे युद्ध झालं. कुस्ती 'लावतात', लग्नासारखी. कुस्ती 'मारतात', मैदानासारखी. आणि बरोबरीत राहिली तर 'सोडवतात', गणितासारखी किंवा भांडणासारखी. कुस्त्यांच्या दंगलीला तिकीट काढून जायचं आणि दुसरी दंगल झाली की दारं लावून घरात बसायचं. शब्द एकच. भाषेने सगळ्या क्रियापदांना हात दिला आणि निकाल दिलाच नाही. भाषा ही अतिशय हुशार अधिकारी आहे. फाइलवर सही करते, पण अभिप्राय लिहीत नाही.

आईला विचारलं तर तिने भीम-जरासंध काढले. ''तिथे काय खेळ होता का रे? उभा चिरला त्याला!'' खरं आहे. तिथे खांदे टेकून भागलं नाही. पण त्याच गोष्टीतली एक बारीकशी बाब माझ्या कारकुनी डोक्यात अडकून राहिली. श्रीकृष्ण, अर्जुन आणि भीम असे तिघे समोर असताना जरासंधाला सांगितलं होतं, की तुझा प्रतिस्पर्धी तू निवड. त्याने भीम निवडला. का? तर तोच आपल्या तोडीचा म्हणून. सोपा कोण, असं त्याने बघितलं नाही. याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

शेवटचा सल्ला न मागता मिळाला. बँकेसमोरच्या टपरीवरचे चाचा चहा गाळता गाळता म्हणाले, ''साब, इत्ता क्या सोचते? पहलवानी अलग, मारामारी अलग. मारामारी में आदमी पटकके भाग जाता. पहलवान पटकके पूछता, लगी तो नै?''

मी ठरवलं, आता मूळ पुरुषालाच गाठायचं. रविवारी पहाटे साडेपाचला वस्तादांच्या तालमीत गेलो. माझ्या आयुष्यात साडेपाच एकदाच वाजतात, संध्याकाळी. त्यामुळे हे माझ्या परीने शौर्यच होतं. आत तेलाचा, ताकाचा, हळदीचा आणि मातीचा मिळून असा एक वास होता, की आपण काही केलं नाही तरी मेहनत केल्यासारखं वाटावं. लाल माती कुदळीने उकरून भुसभुशीत केलेली. कोनाड्यात मारुती. भिंतीवर खाशाबा जाधवांचा फोटो.

वस्ताद मला बघून ओशाळले. ''साहेब, तुमी कशाला तरास घेतला?'' मी रकाना सात सांगितला. म्हटलं, ''वस्ताद, कुस्ती ही युद्धकला आहे असं तुम्ही स्वतः लेखी द्या. मग कुणाची हरकत राहणार नाही.''

वस्ताद म्हणाले, ''कुस्ती युद्धकला हाय का नाही ते तुमी शिकलेल्यानी ठरवा. पर त्या दिवशी झाली ती कुस्ती नव्हतीच.''

''मग काय होतं?''

''कुस्तीला जोड लागती साहेब. तिथं जोड कुठं व्हती?''

मी त्यांच्या शेजारी कट्ट्यावर बसलो. आखाड्यात दोन पोरं उतरली. एकमेकांच्या हातात हात दिले. मग एकाने मूठभर माती घेतली आणि समोरच्याच्या खांद्यावर, पाठीवर टाकली. दुसऱ्यानेही याच्या अंगावर टाकली. मी विचारलं, ही काय पूजा? वस्ताद म्हणाले, ''घामानं अंग निसरडं होतं. माती टाकली की पकड बसती. समोरच्याला आपल्याला धरता आलं पायजे ना! धरताच आलं नाही तर कुस्ती कशी व्हनार?''

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पंधरा दिवस मी डाव तपासत होतो. ढाक, घिस्सा, मोळी, नाकपट्टी, बगलडूब, यांतलं युद्धाचं काय आणि खेळाचं काय? पण डाव दोन्हीकडे तेच असतात. मानेची पकड प्रतापगडावर होती आणि जत्रेतल्या नारळाच्या कुस्तीतही असते. फरक डावात नाही, जोडीत आहे. कुस्तीत प्रतिस्पर्ध्याला 'शत्रू' म्हणतच नाहीत. 'जोड' म्हणतात. पंच वजन बघतात, वय बघतात, तयारी बघतात. तोलामोलाची जोड नसेल तर जत्रेतले म्हातारे फेटे उडवून ओरडतात, की ही कुस्ती लावू नका. युद्धात याच्या नेमकं उलटं. तिथे सेनापती आयुष्यभर एकाच गोष्टीच्या मागे असतो : जोड तोलाची होऊ नये. आपण दहा हजार आणि तो दोन हजार असावा, आपण डोंगरावर आणि तो दरीत असावा. यात वाईट काही नाही, शहाणपणच आहे. पण ते युद्धाचं शहाणपण. जो आपल्या अंगावर माती टाकून समोरच्याला पकड देतो, त्याचं हे शहाणपण नव्हे.

मग जरासंधाचं काय? त्याने जोड तोलाची निवडली आणि तरी मेला. तेही खरं. म्हणजे जोड असली तरी पुरत नाही. पडलेल्याला उठू द्यायचं, हेही आधी ठरलेलं असावं लागतं. टपरीवरच्या चाचांचं 'लगी तो नै?' ते हेच. मल्लयुद्धातलं 'युद्ध' मागे सोडून आपले लोक 'कुस्ती' म्हणायला कधी लागले कुणास ठाऊक, पण खांदे टेकले की थांबायचं असं ज्या दिवशी ठरलं, त्या दिवशी फार मोठी गोष्ट झाली.

''पण मग त्याला धरलं ते काय होतं?'' मी विचारलं.

''धरलं,'' वस्ताद म्हणाले. ''निस्तं धरलं. दोन दिवसाचा उपाशी मानूस तो. बाप दवाखान्यात. त्याच्याशी काय कुस्ती करता? त्याचा हात तुमच्या गळ्याला लागला असता तर तुमालाबी लागलं असतं आन् त्याचाबी जल्म गेला असता जेलात. म्हून धरलं.'' जरा थांबून ते आखाड्याकडे बघत म्हणाले, ''आन् साहेब, त्या टायमाला पासबुकाचं मशीन चालू व्हतं.''

एवढंच म्हणाले. आवाज चढवला नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. पण मी चितपट झालो.

कारण पासबुकाचं मशीन सर्व्हरवर चालतं. मशीन चालू होतं, म्हणजे सर्व्हर चालू होता. जेवणाच्या सुट्टीला सात मिनिटं होती. त्या अर्जाला दहा मिनिटं लागली असती. एवढीच काय ती तांत्रिक अडचण.

मी भिंतीवरच्या खाशाबांकडे बघत बसलो. कराडजवळच्या गोळेश्वरचे हे खाशाबा १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तिथे जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. ही गोष्ट मी भाषणांतून पुष्कळदा ऐकली होती आणि पुष्कळदा टाळ्या वाजवल्या होत्या. पण कारकून असूनही एक गोष्ट कधी लक्षात आली नव्हती. त्या गहाणाच्या कागदपत्रांवर कुणीतरी कारकून बसलेला असणार. त्याने 'जेवणानंतर या' म्हटलं नाही. कागद पुढे सरकवला. त्याचं नाव इतिहासात नाही, आणि तेच बरोबर आहे, कारण त्याने फक्त आपलं काम केलं. पण माझ्यासारखा कुणी तिथे बसला असता तर खाशाबा हेलसिंकीला पोचलेच नसते.

महाराष्ट्राला दुसरं वैयक्तिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली. २०२४ च्या पॅरिसमध्ये कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्निल कुसाळेने ते नेमबाजीत आणलं. आमच्या गार्डने तेव्हा शाखेत पेढे वाटले होते. म्हणजे एक पदक लंगोटावर, एक रायफलवर. वस्ताद आणि गार्ड दोघांची बाजू समसमान.

घरी परत येताना लोखंडी पुलावर थांबलो. खाम नदीकडे फार वेळ बघण्यासारखं काही नाही, त्यामुळे स्वतःकडे बघावं लागलं. मी आजवर स्वतःला अहिंसक समजत आलो. कुणावर हात उगारला नाही, कुणाला शिवी दिली नाही. पण हात न उगारण्याचं कारण असं, की मला हात उगारताच येत नाही. न येणारी गोष्ट न करणं याला सद्गुण म्हणायचं, तर मी विमानही कधी पाडलेलं नाही. सद्गुण वस्तादांचा. त्यांना त्या गड्याचं हाड मोडता येत होतं आणि त्यांनी मोडलं नाही. ज्याच्या हातात आहे त्याने आवरलं, तरच आवरलं म्हणायचं.

आणि माझ्या हातात काहीच नव्हतं का? होतं की. काच होती, फॉर्म होता, 'सर्व्हर डाऊन' हे दोन शब्द होते. तो खिडकीबाहेर उन्हात आणि मी पंख्याखाली. त्याची नड आणि माझी सुट्टी. त्याला मला धरायला कुठेही पकड नव्हती, कारण माझ्या बाजूने मी मूठभरसुद्धा माती टाकली नव्हती. सगळीकडून निसरडा होतो. शेवटी बिचाऱ्याला कॉलर तेवढी सापडली. म्हणजे त्या दिवशी त्या शाखेत जोड न बघता लढणारा, युद्ध करणारा असा एकच माणूस होता, आणि तो बहात्तर किलोंचा, वाणिज्य पदवीधर, विनोदी लेखक होता.

सोमवारी मी फॉर्म भरला. रकाना सात : (ड) अन्य. त्यापुढे लिहिलं, 'शिपायाने ग्राहकास धरून ठेवले. कोणासही इजा नाही.' मॅनेजरसाहेब म्हणाले, ''(ड) मुळे चौकशी लागेल हो!'' मी म्हटलं, ''लागेल, पण वस्तादांना नाही.'' आणि रकाना अकरा, 'घटनेचे कारण', यात लिहिलं : 'सर्व्हर चालू होता. लिपिकाने बंद असल्याचे सांगितले.' खाली सही केली. पहिल्यांदाच माझी सही नमुन्याच्या सहीशी तंतोतंत जुळली असावी.

मेमो आला, अपेक्षेप्रमाणे. बढतीची फाइल एक वर्ष मागे गेली. पण अर्ज परत येणं काही एवढं वाईट नसतं. २०१३ च्या फेब्रुवारीत ऑलिंपिकच्या कार्यकारी मंडळाने २०२० पासून कुस्तीलाच खेळांतून काढायची शिफारस केली होती. त्याच सप्टेंबरात तिला परत घ्यावं लागलं. एवढ्या मोठ्या कुस्तीचा अर्ज परत येतो, तिथे माझा काय पाड.

गंगापूरच्या त्या गड्याचं काम मी त्याच आठवड्यात केलं. फोटोचा आकार अजूनही चुकलेलाच होता. तो काही बोलला नाही, मीही बोललो नाही. जाताना त्याने काउंटरच्या फटीतून हात आत घातला. मी दचकून मागे सरकलो. मग लक्षात आलं, हात मिळवायला घातला होता.

वस्तादांना वाईट वाटतं ते एकाच गोष्टीचं. ते म्हणतात, ''साहेब, आपल्या या गावात १९६१ ला पहिली महाराष्ट्र केसरी झाली, तवा ते औरंगाबाद व्हतं. माझा बाप बघायला गेला व्हता. दिनकर दह्यारींनी मारली. त्या गावच्या कारकुनाला कुस्ती काय ते म्हाइत नसावं?'' आता माहीत झालं आहे, असं मी त्यांना सांगतो. मुलीलाही समजावून सांगितलं. ती म्हणाली, ''म्हणजे कुस्ती मार्शल आर्ट आहे की नाही, ते सांगा ना एका शब्दात.''

एका शब्दात सांगायचं तर मी तो प्रश्न सध्या उचंत खात्यात टाकला आहे. मार्चअखेरीला बघू. एवढं मात्र खरं, की हल्ली सुट्टीला सात मिनिटं उरलेली असताना खिडकीशी कुणी आलं, की मी आधी त्याच्याकडे बघतो, मग घड्याळाकडे, आणि मग मनातल्या मनात मूठभर माती स्वतःच्या खांद्यावर टाकतो.